देवघरातली दुसरी चावी

मोहाडीत बसस्टँडकडून तहसील कचेरीकडे जाताना उजव्या हाताला टिनाचं एक दुकान लागतं. पाटीवर 'खुशाल ऑटो इलेक्ट्रिक' असं लिहिलं आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती आता रंगाने बुजवली आहे. बुजवलेला रंग पाटीच्या रंगाशी जुळत नाही, त्यामुळे तिथे काहीतरी होतं हे नवख्या माणसालाही कळतं.

खुशाल सोनकुसरे विणकराच्या घरचा. बाप कोशाच्या रेशमाची लुगडी विणायचा. तुटलेली तार सापडेपर्यंत तो माग पुढे चालवत नसे. "एक तार सुटली का पदरापर्यंत रेघ जाते," एवढंच तो पोराला बजावायचा. पोराचं मन मागात रमलं नाही. तो भंडाऱ्याला एका गॅरेजात राहिला, जीप आणि ट्रॅक्टरचं वायरिंग शिकला आणि मोहाडीत येऊन दुकान थाटलं. पण बापाची बोटं त्याच्या हातात उतरली होती. डॅशबोर्डखाली न पाहता हात घालायचा आणि लाल कोणती, पिवळी कोणती हे चाचपून सांगायचा. "खुशालनं हात लावला का लाइट लागलाच समज," असं लोक म्हणत. अशा बोलण्यावर माणूस जगतो. खुशालही जगत होता.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांना कॉम्प्युटर होते, चावीत चिप होती. ती चिप जवळ असल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. चावी हुबेहूब कापून आणली तरी गाडी मालकाला ओळखत नसे. चोराच्या दृष्टीने ही मोठी अडचण, आणि खुशालच्या दृष्टीनेही. गिऱ्हाइकं परस्पर भंडाऱ्याला, नागपूरला जाऊ लागली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण दुकानासमोरून न थांबता जाणारी ओळखीची गाडी पाहिली की त्याला आपल्याला कोणी म्हातारा म्हटल्यासारखं वाटे.

शेवटी तो नागपूरला जाऊन एका माणसाकडे थोडे दिवस शिकला. सेंट्रल लॉक, अलार्म आणि रिमोट स्टार्ट. म्हणजे घरातूनच बटण दाबायचं, अंगणातली गाडी आपोआप सुरू होते, एसी चालू होतो, आणि आपण बसायला जाईपर्यंत आत गार झालेलं असतं. आमच्याकडच्या वैशाखात ज्याने उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग धरलं आहे, त्याला या सुखाचं महत्त्व सांगायला नको. येताना खुशालने चिपची नक्कल करणारं एक छोटं यंत्रही आणलं आणि पाटीवर नवी ओळ रंगवून घेतली: 'रिमोट स्टार्ट बसवून मिळेल.'

पहिलं काम मोनिकाने मिळवून दिलं. मोनिका त्याच्याच गल्लीतली. लहानपणी सायकलचा दिवा बिघडला की ती दुकानात येऊन बसायची, म्हणून तो तिचा खुशालकाका. तिला करडीला दिलं होतं. नवरा योगेंद्र बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. सासरे भैय्यालाल धानाची शेती पाहायचे आणि सासू सुलोचनाबाई घर. योगेंद्रने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि रिमोट स्टार्ट बसवायला नागपूरला निघाला, तेव्हा मोनिकाच म्हणाली, "कायले एवढ्या लांब जाता? आमच्या मोहाडीचे खुशालकाका करून देतील. त्यांच्यासारखा हात नाही कोनाचा."

योगेंद्र गाडी घेऊन आला, तेव्हा त्याच्याजवळ दोन चाव्या होत्या. एक नेहमीची. दुसरी लाल फडक्यात गुंडाळलेली, लाल धागा बांधलेली, कुंकवाने माखलेली. करडीकडे बऱ्याच घरांत अशी रीत आहे: नव्या गाडीची दुसरी चावी पूजेच्या दिवसापासून देवघरात राहते. गाडी रस्त्यावर फिरते ती देवाच्या भरवशावर, तेव्हा एक चावी देवाजवळ असलेली बरी, असा सरळ हिशोब.

"आईनं सांगतलं, चावी जमिनीवर नका ठेवू," योगेंद्र म्हणाला. "अन् देवाची चावी तुमाले कायले पायजे म्हनून इचारत होती."

खुशालने धुतलेलं फडकं काउंटरवर पसरलं, त्यावर चावी ठेवली आणि योगेंद्रच्या फोनवरून सुलोचनाबाईंशी तो स्वतः बोलला. "माय, मले फक्त आतली चिप वाचाची आहे. तुमची चावी जशीच्या तशी देवाजवळ परत येईन. माझा शब्द."

पुढचं काम सोपं होतं, निदान शिकताना तसं वाटलं होतं. चावीची चिप यंत्रावर वाचायची, कोऱ्या चिपवर तिची नक्कल उतरवायची आणि ती नक्कल एका छोट्या डबीत घालून डॅशबोर्डच्या आत बसवायची. रिमोट दाबला की डबी गाडीला सांगते, चावी इथेच आहे. गाडी विश्वास ठेवते आणि सुरू होते. एरवी डबी मुकी. खरी चावी जशी होती तशीच राहते.

समोरचा चहावाला प्रविण टपरी सोडून काउंटरला टेकून उभा होता. आणखी चार-दोन जण जमले होते.

"का खुशालभाऊ, गाडी आपल्या मनानं चालू होते म्हनते. मंग मालकाचं काय काम राह्यलं?" प्रविणने विचारलं.

"मालकाले आत बसून थंडी लागाचं काम आहे ना बे," खुशाल म्हणाला.

सगळे हसले. खुशालने चावी यंत्रावर ठेवली. यंत्राने काहीच वाचलं नाही. पुन्हा ठेवली, उलटी ठेवली, धागा बाजूला करून ठेवली. शेवटी दुकानामागे जाऊन त्याने नागपूरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "उस गाड़ी की चिप अपनी मशीन से कॉपी नहीं होती, भाई. कंपनी में भेज, तीसरी चाबी बनवा ले, फिर लगा."

एवढंच बाहेर येऊन सांगायचं होतं. योगेंद्रची काहीच तक्रार नव्हती, तो आठवड्याने तिसरी चावी घेऊन आला असता. पण काउंटरला प्रविण टेकलेला होता. पाटीवरच्या ओळीचा रंग अजून ताजा होता. खुशालच्या तोंडून 'मले हे येत नाही' हे शब्द निघेनात.

तो आत आला. लोकांकडे पाठ करून त्याने देवाची चावी उघडली, आतली चिप काढली, डबीत घातली आणि रिकामं कवच पुन्हा नीट मिटवून लाल फडक्यात गुंडाळलं. चिप ती केवढी, भोपळ्याच्या बीएवढी, काळी. चावीचं वजनही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. मनाशी म्हणाला, महिनाभरात नवी चिप मागवू, काहीतरी निमित्त काढून चावी पुन्हा मागू आणि घालून देऊ. आता ही चावी गाडीचं दार उघडेल, गाडी सुरू करणार नाही. पण ती सुरू करायला काढतंय कोण देवघरातून?

योगेंद्रने रस्त्याच्या पलीकडे जाऊन रिमोट दाबला आणि गाडी सुरू झाली. प्रविणने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी खुशालने सगळ्यांना चहा पाजला.

महिना गेला, दुसरा गेला. नवी चिप मागवायची राहून गेली. विसरला असं नाही. आठवायचं, पण आठवलं की लगेच दुसरं काही काम निघायचं. एकदा बाजाराच्या दिवशी मोनिका भेटली. "काका, अख्ख्या करडीत तुमचं नाव झालं," ती म्हणाली. "पोट्टे येऊन म्हनते, गाडी बोलवून दाखवा ना. मामाजी तं पयल्या दिवशी गाडीले हात जोडून उभे राह्यले होते." सासऱ्यांना ती मामाजी म्हणे, सासूला आई. ती हसत होती. खुशालही हसला, पण वांग्यांकडे पाहत.

पोळ्याच्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. भैय्यालाल बोलत होते. आवाज बसलेला.

"खुशाल, आमची कुसुमताई गेली गा."

कुसुमताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सानगडीला दिलेली. आई लवकर गेल्यावर भैय्यालालना तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. खुशाल काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "दिवस बुडाच्या आत नेतो म्हनते. माहेरचं लुगडं घेऊन जाचं आहे मले. योगेंद्र बियाण्याच्या कंपनीवाल्याच्या गाडीनं नागपूरले गेला, चावी अन् रिमोट त्याच्याच खिशात. देवाजवळची चावी लावली, तं गाडी चालूच नाही होऊन राहिली. मीटरवर चावीचं लाल चित्र लुकलुक करते."

आमच्याकडे लेक कितीही म्हातारी होऊन जावो, तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते भावाने आणायचं. भाऊ वाटेत असला तर सरण थांबतं, पण किती वेळ थांबणार?

खुशालला सगळं त्या क्षणी कळलं. कळायला अवघड काही नव्हतंच. एका वाक्याचं काम होतं: भाऊ, ते चावी रिकामी आहे, दुसरी गाडी पाहा. वाक्य त्याच्या जिभेवर आलंही.

"नत्थूची बोलेरो बाजूच्या गावात गेली आहे," भैय्यालाल म्हणाले. "बोलावली तं येईन म्हनते. बोलावू का?"

"नाही नाही, कायले?" खुशाल म्हणाला. "कोनी हात नका लावू गाडीले. मी येऊन राहिलो. आलोच."

असं का म्हणालो, हे पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर दरवेळी एकच आलं. आपण गेलो तर गाडी सुरू करून देऊ, आणि कोणाला कळणार नाही.

खुशालने मोटारसायकल काढली, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या पहिल्याच गावात तो अडकला. रस्त्यावर तोरण बांधलेलं होतं. तोरणाखाली बैलांच्या जोड्या झुली घालून उभ्या होत्या. डफडी वाजत होती. तोरण तुटेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, हा त्या दिवसाचा कायदाच. "जरुरी काम आहे गा," खुशाल ओरडला. "बैलापेक्षा जरुरी?" एक म्हातारा हसून म्हणाला. मयतीचं काम आहे म्हटलं असतं तर त्यांनी कडेने वाट दिली असती. पण मयत हा शब्द उच्चारायची त्याला छाती झाली नाही. तो हँडल धरून उभा राहिला. समोरच्या बैलाच्या शिंगांना लावलेला बेगड उन्हात चमकत होता.

करडीला पोचला, तेव्हा सगळे अंगणात तयार होऊन बसले होते. सुलोचनाबाईंच्या मांडीवर घडी केलेलं हिरवं लुगडं होतं, त्यावर नारळ आणि हळदकुंकू. गाडी चालवायला शेजारचा पुतण्या वीरेंद्र येऊन थांबला होता. भैय्यालाल पायात वहाणा घालून, काठी धरून, गाडीच्या दाराशी उभे. सानगडीहून फोनवर फोन येत होते.

"जरा बाजूले व्हा, उजेड येऊ द्या," खुशाल म्हणाला. उजेड त्याला नकोच होता. तो स्टिअरिंगखाली आडवा झाला, हात घातला, डबीची तार चाचपली आणि खिशातल्या वायरच्या तुकड्याने जोडली. डबीतली चिप जागी झाली. रिकामी चावी फिरवली आणि इंजिन लागलं. उठताना त्याने चावी शर्टाला पुसल्यासारखी केली, जणू दोष तिथे होता. "आता रस्त्यात बंद करू नका," असंही सांगितलं.

"काय झालं होतं गा?" सुलोचनाबाईंनी गाडीत बसता बसता विचारलं.

तो हात पुसत होता, तेवढ्यात दारातून मोनिका हळूच म्हणाली, "पोळ्यासाठी काल देव चिंचेनं घासले ना. चावीवर कुंकू लय साचलं होतं. मी तिलेही धुतलं देवाच्या पान्यात."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या आणि मग खुशालकडे. तो जाणता माणूस, त्याने सांगायचं.

"पानी गेलं असन," खुशाल म्हणाला.

गाडी निघून गेली. मोनिका दारात तशीच उभी होती. खुशालने तिच्याकडे न पाहता मोटारसायकलला किक मारली.

भैय्यालाल सानगडीला पोचले, तेव्हा चिता पेटलेली होती. लोकांनी थांबायचं तेवढं थांबून पाहिलं होतं. दिवस बुडत आला, तेव्हा जाणते म्हणाले, आता थांबता येत नाही. जावेने आपल्याकडचं एक नवं लुगडं अंगावर घातलं. भैय्यालालनी हातातलं लुगडं आगीकडे धरलं, पण पेटत्या सरणावर वरून काही टाकू नये म्हणून कोणीतरी त्यांचा हात धरला. मेलेल्या बहिणीसाठी नेलेलं लुगडं घेऊन म्हातारा घरी परत आला. असं लुगडं घरात कोणी नेसत नाही, कोणाला देता येत नाही. ते बाहेरच्या खोलीत कोनाड्यात पडून राहिलं.

हे सगळं खुशालला बायकोकडून कळलं. पुष्पाबाईंना मोनिकाच्या आईने सांगितलं होतं.

"सुलोचनाबाई रागावली नाही म्हनते," पुष्पाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "येवढंच बोलली, उद्यापासून देवाचं मी करीन. मोनिकाले देवघराचा उंबरा चढू देत नाही आता. लग्न होऊन गेली तवापासून पोरगीच करत होती ना सगळं, फुलं, दिवा. रागावली असती तं बरं होतं वो." मग त्या थांबल्या. "तुमी काहून नाही जेवून राहिले?"

"पोटात बरं नाही," खुशाल म्हणाला. ताट सारून तो उठला.

त्यानंतर दुकानात त्याचं चित्त ठरेना. ट्रॅक्टरचा हॉर्न जोडताना त्याने दिव्याची तार जोडली. गिऱ्हाइकाने हॉर्न दाबला, तर दिवा लागला. प्रविण समोरून ओरडला, "वा भाऊ! आता याच्यासाठीही पाटी लावा!" एरवी खुशाल हसला असता.

कुसुमताईची तेरवी होऊन गेल्यावर मोनिका माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात. लहानपणी बसायची त्याच स्टुलावर बसली. पिशवीतून लाल फडकं काढलं.

"काका, एक इचारू? मले समजत नाही म्हनून इचारते. ही चावी आईनं देवाजवळ परत घेतली नाही, मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मोबाइल भिजला का ठेवतात ना, तशी. मंग उघडून पायली. आत एक खाच आहे, पन खाचेत काहीच नाही. चिप तिथंच असते ना?"

"हो."

"केवढी असते?"

त्याला नखावर मोजून दाखवावं लागलं.

"काळी का पांढरी?"

"काळी."

मोनिकाने मान हलवली, जणू तिचा अंदाज बरोबर निघाला. "मंग माझ्याच हातून पडली, काका. धुताना कवच उघडलं असन अन् मले दिसलं नाही. देवाचं पानी मी तुळशीत टाकलं होतं. आई दुपारी झोपल्या का मी तुळशीची माती रव्याच्या चाळणीनं चाळून राहिली. अर्धी झाली. माती काळी, ते पन काळी, दिसतच नाही लवकर. सापडली तं तुमाले बसवून देता येईन ना? म्हंजे मामाजीले लुगडं पोचवता नाही येनार आता, ते नाही येनार. पन आईले दाखवता तं येईन, का मी फेकून नाही दिली, धुताना पडली."

खुशालने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. चिप त्या वेळी करडीला अंगणात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, त्याने स्वतः गुंडाळलेल्या टेपच्या आत बसलेली होती.

"नको चाळू, बाई," तो म्हणाला.

"काहून?"

"तिथं नाही ते."

"तुमाले कसं माहीत?"

समोर प्रविणच्या टपरीवर चहा उकळत होता. रस्त्यावरून बस गेली. खुशालने सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. यंत्र चाललं नाही ते, नागपूरचा फोन, पाठ फिरवून चावी उघडली ते. तिच्या तोंडाकडे पाहून सांगता येईना, म्हणून काउंटरवरच्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहून सांगितलं.

मोनिका रडली नाही. नखांतली माती कोरत राहिली. मग म्हणाली, "घरी मीच सांगतलं होतं ना, काकासारखा हात नाही कोनाचा."

तिने चावी पुन्हा फडक्यात बांधली. उठताना म्हणाली, "मी घरी काही बोलनार नाही. माझं बोलनं त्याईले बहानाच वाटन. तुमी या म्हनतही नाही. तुमाले वाटलं तं या."

खुशाल दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. रस्ताभर तो काय बोलायचं ते मनात जुळवत होता. चिपचं सांगायचं. लाजेने काढली, फसवायचं मनात नव्हतं, असं सांगायचं. फोनचं कोणी विचारणार नाही, हेही त्याने मनात धरलं होतं. त्या फोनवर काय झालं, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? मोनिकाला सांगतानाही तेवढं त्याने गाळलं होतं.

घरी सगळेच होते. मोनिका त्याच्या आधीच परतली होती आणि पडवीत तांदूळ निवडत बसली होती. खुशालने सांगितलं. मग गाडी उघडली, डबी बाहेर काढली, टेप कापली आणि चिप भैय्यालालच्या तळहातावर ठेवली.

"एवढीशी?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

योगेंद्रच भडकला. "अरे, पन मले सांगाचं होतं ना! मी कंपनीत नेली असती, तिसरी चावी आनली असती. मले काय अडचन होती? तुमी देवाची चावी रिकामी करून देवाजवळ ठेवाले दिली! अन् मोनिकावर…" त्याने बायकोकडे पाहिलं. ती तांदळातले खडे वेचत होती.

भैय्यालाल अजून चिपकडेच पाहत होते. त्यांनी ती बोटाने उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग वर पाहिलं.

"मी फोन केला, तवा तुले माहीत होतं?"

"हो, भाऊ."

"नत्थूची गाडी बोलावू का म्हटलं, तवाही?"

पडवीत तांदूळ निवडायचा आवाज थांबला.

"तवाही," खुशाल म्हणाला.

म्हातारा उठला. आता काठी उगारेल, असं खुशालला वाटलं, आणि उगारली तर बरं होईल, असंही. भैय्यालाल बाहेरच्या खोलीत गेले आणि कोनाड्यातलं हिरवं लुगडं घेऊन परत आले. ते त्यांनी खुशालसमोर खाटेवर ठेवलं. हळदकुंकवाचे डाग घडीवर तसेच होते.

"तू विनकराच्या घरचा ना गा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या बहिनीसाठी घेतलं होतं. घरात ठेववत नाही, फेकवत नाही. तूच सांग, याचं काय करू?"

खुशालने लुगड्याकडे पाहिलं. काठ पाहताच त्याला कळलं, हे मोहाडीच्याच मागावरचं आहे.

"मले नाही माहीत, भाऊ."

"हं," भैय्यालाल म्हणाले. "हेच तवा म्हटलं असतं, तं झालं असतं."

खुशालने खाली बसून चावी उघडली, चिप खाचेत बसवली, कवच मिटवलं आणि गाडी सुरू करून दाखवली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. रिमोटची सगळी जोडणी त्याने काढून टाकली, एकेक तार पूर्वीच्या जागी लावली. त्यात बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं. त्या घरातून आजवर कोणी पाहुणा चहाशिवाय उठला नसेल. त्याला कोणी पाणीही विचारलं नाही.

काम संपल्यावर त्याने चावी फडक्यात गुंडाळून सुलोचनाबाईंसमोर धरली. त्यांनी ती घेतली नाही. पडवीकडे तोंड करून म्हणाल्या, "सूनबाई, हात धुऊन ये. चावी देवाजवळ ठेव." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "अन् दिवा तूच लाव. मले वाकून होत नाही." वाकून होत नाही, हे त्यांना त्या दिवशीच कसं उमगलं, हे कोणी विचारलं नाही.

मोनिका हात धुऊन आली. तिने खुशालच्या हातून चावी घेतली, पण त्याच्या बोटांना स्पर्श होणार नाही अशी, फडक्याच्या टोकाला धरून.

मोहाडीला परतल्यावर खुशालने शिडी लावली आणि दुकानात उरलेल्या रंगाने पाटीवरची खालची ओळ बुजवली. प्रविण हातातली किटली तशीच घेऊन रस्त्यात आला.

"काहून मिटवलं गा? चांगलं चालू होतं ना?"

कंपनीने बंद केलं, सामान मिळत नाही, परवडत नाही, यांपैकी काहीही सांगता आलं असतं. खुशाल शिडीवरून खाली न पाहता म्हणाला, "मले येत नव्हतं."

"मंग एवढे दिवस?"

त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि तेही सांगितलं. त्या दिवसापासून जो विचारतो, त्याला तो सांगतो. कोणी हसतं, कोणी च्यक् च्यक् करतं, कोणी गाडी घेऊन दुसरीकडे जातं. चिपच्या चावीची गाडी आली की तो कंपनीकडे पाठवतो. हेडलाइट, हॉर्न, बॅटरी, जे हाताला येतं तेवढंच करतो.

हिरवं लुगडं भैय्यालालनी पुढे काय केलं, हे त्याला कळलं नाही. विचारायची सोय राहिली नव्हती.

मोनिका माहेरी येते, तेव्हा दुकानासमोरूनच जाते. पूर्वी लांबूनच "काका!" म्हणून हाक यायची. आता ती नुसती मान हलवते. खुशालही हलवतो, आणि हातातलं वायरिंग झालेलं असलं तरी पहिल्या तारेपासून पुन्हा तपासायला लागतो.